उपवासकाळाने बांधलेला धर्मग्राम

स्मरणिकेतला धर्मग्रामाचा इतिहास म्हटला की त्याची घडण बहुधा ठरलेली असते. चर्चची पायाभरणी केव्हा झाली, मनोरा कोणी उभारला, छप्पर कोणत्या पावसाळ्यात गेले, प्रमुख धर्मगुरू कोण कोण होऊन गेले आणि महोत्सवाला वर्गणी किती जमली, एवढे सांगून झाले की इतिहास आटोपतो. ही माहिती टाकाऊ नाही. दफ्तरात ती आहे, म्हणून सांगता येते. पण दफ्तर लिहिले धर्मगुरूंनी, आणि लिहिणाऱ्याला आपले काम आधी दिसते. आगाशी-नंदाखालपासून निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज, सांडोर, पापडीपर्यंतच्या वसईच्या पश्चिम पट्ट्यातले शेतकरी आणि कोळी धर्मग्राम इतकी सत्तांतरे पचवून उभे कसे राहिले, याचे उत्तर त्या दफ्तरात मिळत नाही. माझ्या मते ते उत्तर उपवासकाळाच्या आठवड्यात आहे. राखेच्या बुधवारपासून पास्कापर्यंतच्या साडेसहा आठवड्यांत इथला सामान्य भाविक नुसता मिस्सा ऐकणारा राहत नाही, उपासना चालवणारा होतो. संस्थेचे काम दरवर्षी सगळ्यांच्या हातांतून जात असले, तर वरचा हात निघून गेला तरी ती संस्था लगेच कोसळत नाही.

आधी तो आठवडाच जवळून पाहू. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या घरी नेऊन क्रुसामागे किंवा पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे खोचून ठेवतात. वर्षभरात त्या वाळून कडक होतात. पुढच्या राखेच्या बुधवाराआधी त्या चर्चमध्ये परत येतात, तिथे त्या जाळून, राख चाळून वाटीत काढून ठेवतात आणि तीच कपाळाला लागते. प्रायश्चित्ताची सुरुवात अशी लोकांच्या घरातून आलेल्या वस्तूने होते. त्या दिवशीची पहाटेची मिस्सा ही वसईत चैनीची गोष्ट नव्हती. भाजीच्या पाट्या, फुलांचे करंडे, केळीची पाने आणि दूध घेऊन मुंबईची गाडी पकडणाऱ्यांना तीच वेळ सोयीची होती. केळीच्या चिकाने काळी पडलेली बोटे आणि कपाळावर राखेची खूण अशा रूपात माणूस बाजारात उभा राहायचा, आणि गिऱ्हाईकाने विचारले तर दोन शब्दांत सांगून टाकायचा.

पण आठवड्याचा खरा कणा शुक्रवार. वाडीतले शिंपणे आटोपून, हातपाय धुऊन माणसे संध्याकाळी क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला जमतात. भक्तीची चौदा स्थाने चर्चच्या भिंतीवर असतातच, पण एखाददुसऱ्या शुक्रवारी ही भक्ती पाखाडीत उतरते. लाकडी क्रूस एका स्थानापासून पुढच्या स्थानापर्यंत एकाच्या खांद्यावर असतो, तिथे दुसरा खांदा पुढे येतो. एका स्थानाचे वाचन शाळेतली बाई करते, दुसऱ्याचे दहावीतला मुलगा. मार्च उजाडला की त्याच्या डोक्यावर परीक्षा असते, म्हणून बिचाऱ्याला लहान स्थान देतात. गुडघे टेकायचे ते वाटेवरच्या मातीत किंवा डांबरावर. धर्मगुरू असतात, पण पुष्कळदा रांगेच्या मागे. या भक्तीला धर्मगुरूच लागतो असे नाही, आणि हा मुद्दा पुढे फार कामाला येणार आहे. बाकीचा आठवडा थोडक्यात सांगता येईल. रविवारी वेदीवर जांभळा रंग असतो, गौरवगीत आणि आलेलुया नसतात, मुलांचे धर्मशिक्षण होते, आजाऱ्यांकडे ख्रिस्तप्रसाद नेला जातो आणि पवित्र आठवड्याआधी पापनिवेदनासाठी रांगा लागतात.

या काळाची पकड चर्चच्या आवाराबाहेरही जाणवते. कोणत्याही जुन्या धर्मग्रामाची विवाहनोंदवही उघडावी. राखेच्या बुधवाराच्या आधी नोंदींची दाटी असते, मग त्या आटतात आणि पास्कानंतर पुन्हा दाटतात. उपवासकाळात विवाहाचा थाटाचा आशीर्वाद द्यायचा नाही, हा नियम १९१७ च्या धर्मसंहितेत स्पष्टच होता. वसईत त्याचा अर्थ मांडव नाही, बँड नाही आणि पंगत नाही असा घेतला गेला. लग्नाच्या खर्चाने कर्ज चढणाऱ्या समाजाला दरवर्षी सहा-सात आठवड्यांची ही सक्तीची उसंत मिळत असे. मांस वर्ज्य असले तरी मासळीला बंदी नसल्याने शुक्रवारी कोळणीच्या पाटीला मागणी असे, घरात वालाची भाजी, सुके बोंबील आणि पेज चाले. ईस्टरची तारीख पौर्णिमेवरून ठरते, त्यामुळे शेजारच्या हिंदू आळीतली होळी बहुतेक वर्षी याच काळात येते. एका आळीत होळी पेटते आणि दुसरीत क्रुसाची वाट चालते, हे या गावांना इतके सवयीचे आहे की त्यावर कोणी काही बोलतही नाही.

आता इतिहासाकडे वळतो. डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. त्यामागोमाग फ्रान्सिस्कन आले, मग येशूसंघीय, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन. चर्च उभी राहिली, त्यांना जमिनींचे उत्पन्न बांधून दिले गेले. त्या दोन शतकांबद्दल गोड बोलण्याचे कारण नाही. धर्मप्रसार आणि राज्यसत्ता तेव्हा एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून चालत होत्या, आणि त्याची झळ इथल्या मंदिरांना व माणसांना लागली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला आणि हा सगळा डोलारा एकदम खाली आला. युरोपीय धर्मगुरू गेले, मठ ओस पडले, किल्ल्यातल्या चर्चची छपरे पुढे ढासळली. सत्तेच्या आधाराने उभी राहिलेली संस्था सत्तेबरोबर संपायला हवी होती. गोव्याच्या देशी धर्मगुरूंनी उरलेले धर्मग्राम सांभाळले, पण ते संख्येने थोडे आणि एकेकाकडे गावे अनेक. मिस्सा धर्मगुरूशिवाय होत नाही. क्रुसापुढची प्रार्थना, जपमाळ, शुक्रवारची भक्ती आणि उपवास मात्र होऊ शकतात. क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ साली कायम केली, म्हणजे वसई पडण्याच्या अवघ्या आठ वर्षे आधी. ही भक्ती जगभर नेणारे फ्रान्सिस्कन वसईतून गेले, तरी अखेर हीच भक्ती इथे शुक्रवारची मालक झाली. ती टिकली, कारण तिला चालवणारी माणसे गावातच होती.

यावर कोणी म्हणेल की हे गोव्याच्या धर्मगुरूंवर अन्याय करणारे आहे. ते आले नसते तर बाप्तिस्मा कोणी दिला असता, लग्ने कोणी लावली असती? हरकत योग्य आहे, आणि तिला जोड देणारा पुरावाही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरची काही ख्रिस्ती कोळी कुटुंबे हिंदू धर्मात परतली, याची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटिअरात आहे. धर्मगुरूंचा सहवास तुटला की काय होते, ते त्यावरून दिसते. पण त्याच किनाऱ्यावर, त्याच टंचाईत, कितीतरी अधिक गावे परतली नाहीत. धर्मगुरूंची कमतरता दोन्हीकडे सारखी होती, तेव्हा फरकाचे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे. मला ते घरातल्या आणि पाखाडीतल्या उपासनेत दिसते, आणि त्या उपासनेला शब्द मिळाले ते लोकांच्या भाषेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले, ते सर्वांना माहीत आहे. त्यामानाने फ्रान्सिस्को व्हाज द गिमारायश यांच्या १६५९ च्या पुराणाची आठवण कमी निघते. ते उत्तर कोकणातल्या बोलीत आहे आणि त्याचा विषय ख्रिस्ताचे दुःखसहन आणि मरण, म्हणजे नेमका उपवासकाळाचा विषय. रोमन लिपीतले हे पुराण एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा छापले गेले. दोनशे वर्षांपूर्वीचे मराठी काव्य कोणी केवळ कौतुकापोटी छापत नाही, ते वाचणारी आणि गाणारी माणसे होती म्हणून ते छापले गेले. तेव्हा उपासनेची अधिकृत भाषा लॅटिन होती. शोक मात्र लोकांनी आपल्या बोलीतच केला.

पुढच्या काळात बिशपांच्या हद्दी बदलत राहिल्या. पोर्तुगालचा हक्क की रोमचा, या वादाने मुंबई-ठाण्याचे ख्रिस्ती दीर्घकाळ विभागले गेले. वसई दमणच्या धर्मप्रांतात होती, १९२८ च्या फेररचनेनंतर मुंबईकडे आली, आणि २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत होऊन थॉमस डाबरे पहिले बिशप झाले. या बदलांनी पत्रांवरचे शिक्के बदलले. शुक्रवार बदलला नाही, म्हणून या प्रकरणावर मी इथे याहून जास्त जागा घालवत नाही.

शुक्रवारला आणि एकूण आठवड्याला खरोखर हात घातला तो विसाव्या शतकाच्या मध्यातल्या सुधारणांनी, आणि त्यांचे मोजमाप वाडीच्या घड्याळावर केले पाहिजे. १९५३ पूर्वी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. पहाटे रहाटाला जुंपून बागायत शिंपणाऱ्याने, किंवा करंडा डोक्यावर घेऊन स्टेशनपर्यंत चालत जाणाऱ्या बाईने हा नियम पाळायचा म्हणजे एक तर सगळ्यात पहिली मिस्सा गाठायची किंवा प्रसाद सोडायचा. १९५३ साली बारावे पायस यांनी पाण्याची बंदी उठवली आणि ठरावीक प्रसंगी संध्याकाळच्या मिस्साला वाट करून दिली. १९५७ मध्ये उपाशी राहण्याची मुदत तीन तासांवर आली, १९६४ मध्ये एका तासावर. त्याहून मोठा बदल पवित्र आठवड्यात झाला. तोवर गुरुवार आणि शुक्रवारचे विधी, एवढेच नव्हे तर पुनरुत्थानाच्या रात्रीचा जागरविधीसुद्धा सकाळीच उरकला जाई. शनिवारच्या लख्ख उन्हात मेणबत्ती पेटवून अंधारावरच्या विजयाचे गाणे म्हणायचे, असा तो विचित्र प्रकार होता. कामकरी माणूस तेव्हा कामावर असे. १९५१ पासून जागरविधी रात्री करण्याची मुभा मिळाली, आणि १९५६ पासून संपूर्ण पवित्र आठवड्याच्या वेळा बदलल्या. त्या हुकुमातच सकाळच्या विधींना भाविक फिरकत नाहीत अशी कबुली आहे. म्हणजे जोवर विधी सकाळी होते तोवर लोकांनी आपल्या दुःखभक्ती, क्रुसाच्या वाटा आणि मिरवणुका संध्याकाळी चालवून हा आठवडा जिवंत ठेवला होता, आणि चर्चने अखेर आपले घड्याळ लोकांच्या घड्याळाला लावून घेतले. व्हॅटिकन परिषदेनंतर १९६० च्या दशकात मिस्साही मराठीत आली. पुराण गाणाऱ्यांना त्यात नवे फक्त एवढेच होते की आता वेदीवरूनही आपली भाषा ऐकू येऊ लागली.

इथे जुन्या वळणाच्या वाचकाचा आक्षेप येतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. ते म्हणतात, सवलती दिल्या आणि उपवासकाळ पातळ झाला. १९१७ च्या संहितेप्रमाणे रविवार सोडून उपवासकाळाचा प्रत्येक दिवस उपवासाचा होता. १७ फेब्रुवारी १९६६ च्या आदेशाने सहावे पॉल यांनी सक्तीचा उपवास राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोनच दिवसांवर आणला. चाळिसातून उरले दोन, यापेक्षा ऱ्हासाचा ढळढळीत पुरावा कोणता? पण हा हिशेब कागदावरच्या नियमाचा आहे, वसईच्या ताटाचा नाही. जुन्या नियमातही अंगमेहनत करणाऱ्याला उपवासातून सूट होती. नांगर, रहाट आणि होडी यांच्यावर जगणाऱ्या धर्मग्रामात ती कोणाकोणाला लागू होती ते मोजून पाहावे. जवळजवळ सगळ्यांनाच. तरीही इथे काटेकोर उपवास पाळले जात. म्हणजे ते नियमाने पाळले जात नव्हते, आणि ज्याचे मूळ नियमात नव्हते ते नियम सैल झाल्याने का सुटावे? दुसरा पुरावा आणखी सरळ आहे. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार हे दोन्ही दिवस सक्तीच्या उपासनेचे नाहीत. त्या दिवशी चर्चला गेले नाही तर नियम मोडत नाही. क्रुसाची वाट तर कधीच कोणावर बंधनकारक नव्हती. आणि वर्षातली सर्वांत मोठी गर्दी कधी होते? याच दिवशी. बंधन असलेल्या रविवारी जागा सापडते आणि बंधन नसलेल्या शुक्रवारी माणसे आवारात उभी राहतात. ज्यांना ऱ्हास दिसतो त्यांनी या उलट्या गणिताचे उत्तर द्यावे.

गर्दी म्हणजे श्रद्धा नव्हे, ती रूढी असेल, आपण कोण हे मिरवण्याची हौस असेल, असेही म्हटले जाते. असेल. माणसाच्या मनात काय आहे ते संस्थेचा इतिहास लिहिणाऱ्याला मोजता येत नाही, आणि त्याने तसा आवही आणू नये. त्याने पाहायचे ते एवढेच की माणसे काय करतात, कोण करतो आणि किती काळ करतो. त्या कसोटीवर काही उणी बाजूही मांडली पाहिजे. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्या सामवेदी, वाडवळ आणि कोळी समाजांत विवाहसंबंध दीर्घकाळ होत नव्हते. क्रूस एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला तरी जातीची भिंत त्याने पाडली नाही. पवित्र गुरुवारी पाय धुण्यासाठी वेगवेगळ्या पाखाड्यांतली माणसे निवडण्याची काळजी अनेक धर्मग्राम घेतात, आणि २०१६ च्या आदेशानंतर त्यांत बायकाही बसू शकतात. तो विधी झाला, व्यवहार त्याच्या मागून सावकाश येतो आहे. स्मरणिकेत हे लिहिले तर सणाचा बेरंग होतो असे मला वाटत नाही.

आणखी एक मत असे की धर्मग्राम टिकला तो शाळा, पतपेढ्या आणि चळवळींमुळे. १९१८ साली मॉन्सेनियर पी. जे. मोनिस यांनी सुरू केलेली आणि पुढे बसीन कॅथॉलिक बँक म्हणून नावारूपाला आलेली संस्था, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी अनेक वर्षे संपादिलेले ‘सुवार्ता’ मासिक आणि हिरवी वसई वाचवण्याचा लढा ही त्याची ठळक उदाहरणे. या कामांचे मोल निर्विवाद आहे. पण ही सगळी विसाव्या शतकातली. त्याआधीची पावणेचारशे वर्षे यांपैकी काहीही नव्हते आणि धर्मग्राम होता. एकत्र जमणे, आपापसांत काम वाटून घेणे, उपवासातून वाचलेले धान्य किंवा पैसा गरजूसाठी बाजूला काढणे, हे वळण माणसांना आधीपासून होते. संस्थांनी त्याच्यावर आपली इमारत उभी केली.

२००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, वाड्यांच्या कडेने इमारती आल्या, बावखले बुजली, आणि कोकणी, मल्याळम, तमिळ बोलणारी कुटुंबे त्याच चर्चमध्ये येऊ लागली. रहाट गेले, भाजीच्या पाट्या कमी झाल्या, पहाटेच्या मिस्साला आता लोकल पकडणारे नोकरदार असतात. या नव्या वस्तीत पाखाडी नाही, मग शुक्रवार कुठे जाईल? तो जिन्यात आणि सोसायटीच्या आवारात गेला आहे. छोट्या ख्रिस्ती समूहांच्या प्रार्थना आज तिथेच होतात. या युक्तिवादाची सर्वांत कडक परीक्षा २०२० मध्ये झाली. २६ फेब्रुवारीला राख लागली, २५ मार्चपासून देश बंद झाला, आणि १२ एप्रिलचा ईस्टर चर्चची दारे बंद असताना आला. मिस्सा पडद्यावर पाहावी लागली. क्रुसाची वाट मात्र घरांत, अंगणांत, गच्चीवर चालली, आणि वाचन करायला कोणी शोधावे लागले नाही. धर्मगुरू हाकेच्या अंतरावर असूनही घरी येऊ शकत नव्हते. १७३९ नंतरच्या लोकांची अडचण निराळी होती, पण त्यांच्यापाशी उपाय हाच होता.

तेव्हा या धर्मग्रामांचा पुढचा इतिहास लिहिताना दफ्तराबाहेरचा पुरावा गोळा करावा लागेल, आणि तो तुमच्या घरात आहे. आजीच्या ट्रंकेत पुराणाची फाटकी प्रत असेल, कोणा मास्तरांनी शुक्रवारच्या वाचनासाठी हाताने उतरवलेली वही असेल, पाखाडीतल्या क्रुसाच्या वर्गणीचा हिशेब असेल, रोमन लिपीत लिहिलेली मराठी गाणी असतील. वाळवी लागण्याआधी त्या वस्तू धर्मग्राम कार्यालयात आणून द्याव्यात. देऊन टाकायच्या नसतील तर निदान त्यांची छायाचित्रे काढू द्यावीत, आणि ती वही कोणी लिहिली, कोणत्या पाखाडीत वापरली, एवढे सोबत नोंदवून ठेवावे.